सरांची जोडणी मी काढली तेव्हा

सरांनी लिहिलेला प्रोग्राम काढून टाकायचं काम माझ्यावर कुणी लादलं नव्हतं. मी ते हात वर करून मागून घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी कम्प्युटरचं काम बघते. सर्व्हर, वायरी, प्रिंटर, डॉक्टरांचे विसरलेले पासवर्ड, सगळं माझ्याकडे. उरलेल्या वेळात आम्ही आठ-दहा जण मिळून एक लिनक्स चालवतो. विंडोजच्या जागी चालणारी ही फुकट प्रणाली ज्याला त्याला आपल्या गरजेप्रमाणे बांधून घेता येते. अशा बांधणीला डिस्ट्रो म्हणतात. आमची डिस्ट्रो जुन्या, दमलेल्या कम्प्युटरांसाठी आहे. वाचनालयं, रात्रशाळा, एक-दोन शिवणक्लास, अशा ठिकाणी ती चालते. पगार कुणालाच नाही. भांडणं मात्र पगारी माणसांसारखी होतात.

या डिस्ट्रोत सरांचा एक प्रोग्राम होता, त्याचं नाव ‘जोडणी’. वाचनालयातल्या बाईंना कम्प्युटर नेटवर्कला जोडायचा असला की त्यांनी ‘जोडणी’ असं टाइप करायचं, चार साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि काम झालं. आतल्या आत जोडणी काही जुन्या आज्ञा वापरायची. त्यातली मुख्य इफकॉन्फिग. ती दिली की कम्प्युटर नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता सांगतो. या आज्ञा माझ्याएवढ्याच वयाच्या असतील. बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंनी त्या केव्हाच बाजूला ठेवल्या होत्या आणि त्यांच्या जागी ‘आयपी’ नावाची नवी आज्ञा आणली होती. आमच्याकडे मात्र सरांची जोडणी होती, म्हणून जुन्या आज्ञाही होत्या.

सर म्हणजे माझे पहिले गुरू. गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर पुस्तकं वाचून कम्प्युटर शिकले, आणि लालबागला एका मंडळाच्या खोलीत कम्प्युटरचे चार जुने डबे मांडून क्लास सुरू केला. गणपतीच्या आधी महिनाभर त्या खोलीत मंडपाचं सामान भरायचं, तेवढी सुट्टी. मी बारावी झाले होते. आमच्या चाळीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत कुणीतरी एक कम्प्युटर दिला होता आणि तो कुणालाच चालवता येत नव्हता, म्हणून वडिलांनी मला सरांकडे पाठवलं. क्लासात मी एकटीच मुलगी. सरांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात पक्कड आणि वायर दिली आणि म्हणाले, “सोल.” तिथून पुढे मी जी काही झाले ती झाले.

आता तो सोमवार. सकाळी नऊला लॅबमधून फोन आला की रिपोर्ट वॉर्डात पोचत नाहीत. रक्त तपासणारं मशीन निकाल सर्व्हरला पाठवतं, सर्व्हर तो वॉर्डांना देतो. त्या दिवशी काही निकाल जात होते, काही वाटेतच गायब होत होते. मी सर्व्हरवर बसले आणि इफकॉन्फिग टाकलं. पत्ता एकच, बरोबर. म्हणजे इथे दोष नाही. मग मी वायर बदलली. मग स्विच बदलला. लिफ्ट पेशंटसाठी, म्हणून जिन्याने वरखाली. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर मला बघितलं की ओरडायच्या, “मॅडम, बाळाचं पोटॅशियम हवंय, कधी देताय?” शेवटी दोन मावशी कागदावरचे रिपोर्ट हातात घेऊन मजले चढायला लागल्या. मशीनच्या कंपनीचा माणूस फोन उचलत नव्हता.

चार वाजता मी आमच्या गिरगावातल्या मित्राला फोन केला. डिस्ट्रोची प्रत्येक नवी आवृत्ती तोच बाहेर काढतो. आमच्यात सगळ्यात शांत डोकं त्याचं.

“आयपी टाकून बघितलंस?” त्याने विचारलं.

“इफकॉन्फिगने बघितलं की सकाळीच.”

“अगं, आयपी टाक.”

टाकलं. पत्ते दोन. दुसरा पत्ता कधीतरी कुणीतरी सर्व्हरला देऊन ठेवला होता आणि मशीन रिपोर्ट पाठवत होतं ते त्याच पत्त्यावर. आणि मागच्या आठवड्यात नेमका तोच पत्ता नव्या वॉर्डातल्या प्रिंटरलाही दिला गेला होता. मग रिपोर्ट कधी सर्व्हरकडे, कधी प्रिंटरकडे. इफकॉन्फिगला असा मागाहून जोडलेला पत्ता दिसतच नाही. दिसत नाही असंही ते सांगत नाही.

प्रिंटरचा पत्ता बदलला, पाच मिनिटांत सगळं सुरळीत झालं. कुणाला काही इजा झाली नाही. बाळाचा रिपोर्ट मावशींनी वेळेत पोचवला होता. पण मी त्या दिवशी घरी गेले ती चिडूनच. ज्या आज्ञेवर मी इतकी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला तिने मला दिवसभर जिने चढायला लावले होते. जेवताना आई काहीतरी सांगत होती, ते मी ऐकलंच नाही. ताटातच हात वाळला.

त्या शनिवारी दुपारी ठाकूरद्वारला आमची बैठक होती. मित्राच्या काकांची तिथे एका जुन्या छापखान्यावर खोली आहे, तिथे आम्ही भेटतो. मी उभी राहून सगळं सांगितलं आणि म्हटलं, “जुन्या आज्ञा काढा. जोडणीपण. मी करते.”

“जगाने कधीच काढलंय, आपणच राहिलोय,” मित्र म्हणाला. “पण जोडणी सरांची आहे. नियमाप्रमाणे त्यांना विचारावं लागेल. महिनाभर काहीच उत्तर आलं नाही तर हो समजायचं. तू सांगशील ना त्यांना? तुझे सर आहेत.”

“सांगते,” मी म्हटलं.

आणि मी मेल पाठवली.

चांगली लांब, नम्र मेल होती. जुन्या आज्ञा का काढायच्या, नवी पद्धत कशी असेल, जोडणीचे आपण किती ऋणी आहोत, सगळं. उत्तर नाही. दहा दिवसांनी दुसरी, जरा छोटी. उत्तर नाही. मग तिसरी, तीनच ओळींची. सर बाकी लोकांना उत्तरं देत होते, हे मला दिसत होतं. आमच्या सगळ्यांच्या सामाईक मेल-यादीवर कुणी काही विचारलं की त्यांचं दोन ओळींचं नेमकं उत्तर यायचं. म्हणजे ते मेल वाचत होते. माझ्याच तेवढ्या बाजूला ठेवत होते.

माझ्या घरापासून सरांची चिंचपोकळीची चाळ चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. तरी दोन-तीन वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते, आणि सरांनीही बैठकीला येणं सोडलं होतं. दोनदा मी निघाले. पहिल्यांदा लालबागच्या पुलाखाली पोचले, बेकरीत शिरले, नको असताना पाव घेतले आणि ते गार होतील असं स्वतःला सांगून मागे फिरले. दुसऱ्यांदा चिंचपोकळीच्या पुलापर्यंत गेले. रेल्वेलाइनकडे बघत कठड्याशी उभी राहिले. तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला, फार काही नव्हतं, कुणाचा तरी प्रिंटर अडकला होता. मी लगेच “येते” म्हटलं. खरं तर तो प्रिंटर कुणीही सोडवला असता.

त्या दिवसांत मला एका जागी बसवेना. वॉर्डात असले की घरी जावंसं वाटायचं, घरी आले की बाहेर. उत्तर येत नाही याचा मनातून आनंदही होत होता, कारण उत्तर न येणं म्हणजे हो. आणि तो आनंद झाला की स्वतःचाच राग यायचा.

महिना संपला. त्या शनिवारी सकाळी मी जोडणी उघडली आणि काढायला बसले. काढलेल्या ओळी पडद्यावर लाल दिसतात. सरांनी जागोजागी मराठीत टिपा लिहिल्या होत्या. एके ठिकाणी होतं, “इथे हात लावू नये. का ते मला येऊन विचारावे.” दुसरीकडे, “हे बरोबर नाही, पण चालते.” एका जागी नुसतंच, “देवा.” सगळं लाल झालं. मी काढलेलं पाठवून दिलं आणि ताडकन उठले. स्वयंपाकघराची फरशी पुसली. मग पडदे काढून भिजवले. आई म्हणाली, “आज काय दिवाळी आहे?”

हा बदल अजून सगळ्यांपर्यंत जायचा होता. आधी तो फक्त चाचणीच्या आवृत्तीत जातो, आणि ती आवृत्ती आमच्यापैकी चार-पाच जणच वापरतात. त्या चार-पाच जणांत सर होते, हे मला माहीत होतं. ते माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

बुधवारी दुपारी मी कँटीनमध्ये होते तेव्हा फोन वाजला. सरांच्या घरून काकू. काकू मालवणकडच्या, मुंबईत इतकी वर्षं काढूनही त्यांची बोली बदललेली नाही.

“बाय, माका वळाखलंस?”

“काकू! बोला ना.”

“तुझ्या सरांचो कम्प्युटर बिघाडलो. बोलता तसो, पण भायर कोणाक मेल जाणा नाय. काल सकाळपासून हे जेवकपण बसले नाय. तू येतलंस काय गो?”

“बोलतो म्हणजे?” मी विचारलं.

“तू ये,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पाच वाजता ड्युटी संपवून निघाले ती या खेपेस कुठेही वळले नाही. तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. सर कॉटवर बसले होते. मांडीवर कीबोर्ड, गळ्यात हेडफोन. समोरच्या टेबलावर मॉनिटर होता, पण बंद. मी चपला काढल्या, “सर, मी आलेय,” म्हटलं आणि सवयीने मॉनिटरचं बटण दाबायला हात पुढे केला.

“तो राहू दे,” सर म्हणाले. “त्याचा मला उपयोग नाही.”

मी वळून बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, पण माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे.

काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलं. दोन वर्षांपूर्वी सगळंच गेलं. काकू सांगत होत्या आणि सर भिंतीकडे तोंड करून बसले होते, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम ते ऐकत ऐकत शिकले. दोन वर्षं ते त्याच्यावर काम करत होते, लोकांच्या मेलना उत्तरं देत होते, आणि आमच्यापैकी कुणालाही याचा पत्ता नव्हता.

“सांगितलं का नाहीत?” मी विचारलं. आवाज चढला माझा.

“काय सांगू? लोक माझ्याकडे मदत मागतात. कळलं असतं तर मलाच मदत करायला आले असते.”

“माझ्या मेल?”

“तिन्ही ऐकल्या. दोन-दोनदा. काढू नको म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का. मग सगळंच सांगावं लागलं असतं. काढ म्हटलं असतं तर माझं काम बंद. म्हणून गप्प बसलो.” मग म्हणाले, “पण तू मेल का पाठवलीस? परळ ते चिंचपोकळी. मेल?”

“दोनदा निघाले होते, सर.”

“मग?”

“परत गेले.”

त्यांनी मान हलवली. काकूंनी चहा पुढे केला.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. इफकॉन्फिगचं उत्तर त्यांना कानाने पाठ होतं. आधी नेटवर्क कार्डाचं नाव, मग एक आकडा, मग एक श्वासभर थांबणं, आणि त्यानंतर पत्ता. मधलं बाकीचं ते कान बंद करून सोडून द्यायचे. मंगळवारी सकाळी अपडेट आलं, इफकॉन्फिग गेलं, जोडणी गेली, आणि नेटवर्कही गेलं. नेटवर्क का गेलं, ते शोधायला त्यांच्या हाती काहीच उरलं नव्हतं. दोन दिवस ते अंधारात चाचपडत होते. अंधारात हा शब्द त्यांचाच.

नेटवर्क जाण्याला मीच जबाबदार होते. जुन्या सेटिंगा नव्या पद्धतीत उतरवणारा भाग मी लिहिला होता, पण सरांनी आपल्या कम्प्युटरवर हाताने घातलेली एक वेगळी ओळ माझ्या प्रोग्रामला कळलीच नव्हती. तो तिथेच थबकला होता. मी हेडफोन काढायला लावून आवाज स्पीकरवर घेतला, मॉनिटर लावला, ती ओळ दुरुस्त केली. वीस मिनिटांत नेटवर्क आलं. साठलेल्या मेल एकामागून एक यायला लागल्या तसे काकूंनी देवाला हात जोडले.

“आता तुझी नवी आज्ञा ऐकव,” सर म्हणाले.

मी आयपी टाकलं. स्पीकरमधली बाई इंग्रजीत भरभर वाचत सुटली. आकडे, कंस, तिरप्या रेघा, पुन्हा आकडे. थांबेचना. सरांनी हात वर केला.

“ही काय पेपरातली टेंडर नोटीस आहे? यात माझा पत्ता कुठे आला?”

“मध्ये आला, सर.”

“मध्ये. वा.”

मग मला आठवलं की याच आज्ञेचं एक आखूड रूप आहे, दोन अक्षरं जास्त टाकली की उत्तर एका ओळीत येतं. टाकलं. बाई म्हणाली, कार्डाचं नाव, चालू, पत्ता. संपलं.

“परत,” सर म्हणाले.

परत ऐकवलं.

“परत.”

तिसऱ्यांदा ऐकल्यावर ते हळूच म्हणाले, “हे बरं आहे. त्याच्यापेक्षा बरं आहे. मग एवढ्या लांब मेलमध्ये हे लिहायला काय झालं होतं?”

खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नव्हतं. मेलमध्ये मी रुग्णालयातला तो सोमवारही लिहिला नव्हता, फक्त ‘जुन्या साधनांच्या मर्यादा’ असे शब्द वापरले होते. आता तो दिवस सांगितला. दुसरा पत्ता, प्रिंटर, मावशी, जिने. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता.

“दुसरा पत्ता दाखवतच नाही?”

“मागाहून जोडलेला असेल तर नाही.”

“म्हणजे माझी जोडणीपण नाही दाखवत.”

“नाही, सर.”

ते उठले. भिंतीला हात लावत गॅलरीत गेले आणि कठडा धरून उभे राहिले. खाली कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मी मागे जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं ते माझ्यावर रागावतील. त्याची तयारी करून आले होते. पण ते म्हणाले, “ठाकूरद्वारच्या वाचनालयात एक बाई होत्या. त्यांचा कम्प्युटर असाच कधी चालायचा, कधी नाही. मी फोनवर जोडणी चालवायला लावली. पत्ता एकच आला. मी त्यांना सांगितलं, बाई, तुमची वायर खराब आहे. त्यांनी तीन वेळा वायर बदलली. मग कम्प्युटरवर कापड घातलं आणि रजिस्टर परत काढलं. मी म्हणालो होतो, बायकांना धीर नाही.” मग म्हणाले, “तुझ्यासमोर नाही, पण म्हणालो होतो.”

एवढं बोलून ते आत वळले आणि काकूंना म्हणाले, “त्या वाचनालयातल्या बाईंचा नंबर असेल बघ डायरीत.”

“आता कशाक?” काकू म्हणाल्या.

“लाव.”

काकूंनी डायरीत शोधून नंबर लावला आणि फोन सरांच्या हातात दिला. बाई आता निवृत्त झाल्या होत्या. सरांनी स्वतःची ओळख दिली आणि एका दमात सांगितलं की तेव्हा वायर चांगली होती, चूक त्यांच्या प्रोग्रामची होती, आणि त्यांना माफी मागायची आहे. पलीकडून आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

“कुठली वायर?” बाईंनी विचारलं.

सरांनी सगळं पुन्हा सांगितलं.

“अहो, मला काही आठवत नाही. तुमची तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” सर म्हणाले. त्यांनी फोन काकूंकडे परत दिला. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मलाही हसू येत होतं, पण सरांना आलं नाही. त्या बाईंना आठवत नव्हतं हे त्यांना जास्त लागलं असावं.

त्यानंतरचे दोन रविवार मी सकाळी त्यांच्याकडे गेले. आम्ही जोडणी नव्याने लिहिली, आत आयपी वापरून. सर तोंडाने सांगायचे, मी टाइप करायचे. त्यांना एक गोष्ट नक्की हवी होती. पत्ते किती आहेत ते सगळ्यात आधी सांगायचं, पत्ता नंतर. मी म्हटलं, बहुतेकांना एकच पत्ता असतो, त्यांना उगाच एक शब्द जास्त ऐकावा लागेल. “ऐकू देत,” सर म्हणाले. यावरून आमचं एवढं वाजलं की शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी दारातून डोकावून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी हरले. नवी जोडणी चालवली की पहिलं वाक्य येतं, “पत्ते एक.” आणि दोन असले तर, “पत्ते दोन, नीट ऐका.” ते ‘नीट ऐका’ सरांचंच. उत्तर मराठीत वाचणारा आवाज फार चांगला नाही, ‘ळ’ला अडखळतो. पण सरांना तो स्पीकरमधल्या बाईपेक्षा आवडतो.

जुनी काढल्याची नोंद मी केली होती, ती त्यांनी मला मागे घ्यायला लावली.

“माझी आहे. मी काढेन.”

डिस्ट्रोतून काहीही काढलं की त्याचं कारण एका ओळीत लिहायचं असतं आणि ते जगात कुणालाही वाचता येतं. सरांनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि स्वतः टाइप केलं. आवाज त्यांच्या हेडफोनमध्ये होता, मी पडद्यावर वाचत होते. “जुनी जोडणी काढली. ती सगळे पत्ते दाखवत नव्हती, हे लेखकाला माहीत नव्हते. लेखकाला आता दिसत नाही, पण नवी ऐकून तपासली आहे.”

“हे असंच पाठवू?” मी विचारलं.

“तुला चूक दिसतेय का काही?”

“नाही.”

“मग?”

त्यांनी एंटर दाबलं. त्यांचा हात मागे आला आणि मांडीवर पडून राहिला. मला त्याच्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तसं कधी नव्हतं. मी कप उचलून मोरीत ठेवायला गेले.

अर्ध्या तासात गिरगावातल्या मित्राचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन घेतला.

“हे खरं आहे?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, “दोन वर्षं मी त्यांना स्क्रीनशॉट पाठवतोय गं. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट. आणि ते लिहायचे, चित्र नको, शब्दांत सांग. मला वाटायचं, म्हातारा खडूस झालाय.”

नवी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा तक्रारी आल्याच. एका रात्रशाळेच्या मास्तरांनी लिहिलं की इफकॉन्फिग कुठे गेलं, आमच्या वहीत तेच लिहिलंय. एकाने लिहिलं की चालतं ते मोडायची तुम्हाला खोडच आहे. या सगळ्यांची उत्तरं सरांनी मागून घेतली. ते प्रत्येकाला फोन लावायचे. मी एकदा शेजारी बसून ऐकलं. “वहीतलं खोडा,” मास्तरांना सांगत होते, “मी सांगतो ते लिहा. पेन आहे का? आयपी. मग जागा सोडून ए. हो, एवढंच. आता काय ऐकू आलं? अहो, दिसलं म्हणजे. काय दिसलं?”

पुढच्या बैठकीला सर ठाकूरद्वारला आले. मी त्यांना टॅक्सीने नेलं. छापखान्याचा जिना अरुंद आणि उभा, म्हणून त्यांची घडीची काठी मी काखेत घेतली आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. वर सगळे उभे राहिले, आणि सर म्हणाले, “बसा रे, शाळा आहे का?” मग दोन तास नेहमीसारखी भांडणं झाली.

परतताना टॅक्सी लालबागच्या अलीकडे अडकली. खिडकीबाहेर कुणीतरी हॉर्न धरूनच ठेवला होता. मी मघापासून मोबाइल काढत होते, परत पर्समध्ये टाकत होते. शेवटी विचारलं.

“सर, माझा राग आला होता?”

“हो.”

“अजून आहे?”

“थोडा आहे.” ते समोर तोंड करून बसले होते. “तू काढलीस त्याचा नाही. ते बरोबरच होतं. तू पुलापर्यंत येऊन गेलीस, त्याचा.”

“जाईल का तो?”

“जाईल. तुला सगळ्याचीच घाई.”

पुढे गाडी सुटली. मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर पोचवलं. काकूंनी जेवूनच जा म्हणून फार आग्रह केला, मी नाही थांबले. खाली आले, आणि बस न बघता परळच्या दिशेने भराभर चालायला लागले. बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की सरांची घडीची काठी माझ्याच काखेत आहे. तशीच उलटी वळले.